खुणेची अंगठी

“ताई, गाडी देखणी आहे. पण हे इंजिन हिचं नाही.”

पुण्याहून आलेल्या गृहस्थांनी बॉनेटखालून डोकं बाहेर काढलं, बॅटरी विझवली आणि आरसी बुक मिटून माझ्या हातात दिलं. बाबांची १९६८ची फियाट डिलाइट टिटवाळ्याला, मामाच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. रंग फिका पडलेला, पण तोच. सीटांची कव्हरं बदललेली, बाकी दारांच्या मुठींपासून स्टिअरिंगजवळच्या गिअरच्या दांड्यापर्यंत सगळं जागच्या जागी. गृहस्थ सज्जन होते. घासाघीस केली नाही, गाडीला नावं ठेवली नाहीत. “इंजिन मूळचं असतं तर तुम्ही सांगितलेल्या किमतीला इथेच हो म्हटलं असतं. आता तिसरा हिस्सा कमी धरावा लागेल. विचार करून कळवा,” एवढं बोलून ते निघून गेले.

मामा तेव्हा बाजारात गेला होता. दुसऱ्या दिवशी अंगारकी होती. कल्याणहून येणारी प्रत्येक लोकल माणसं ओतत होती आणि स्टेशनपासून देवळापर्यंत फुलांच्या टोपल्या लागल्या होत्या. तो परत येईपर्यंत मी गाडीत बसून राहिले. त्याला कसं सांगायचं ते सुचेना, कारण ते इंजिन मामानंच बसवलं होतं, १९९४ साली.

मामाचं कल्याणला चाळीस वर्षं गॅरेज होतं. आता वय अठ्ठ्याहत्तर. गॅरेज बंद केलं, टिटवाळ्यातल्या मांड्याचं वडिलोपार्जित घर दुरुस्त करून तिथे राहायला आला, आणि बाबा गेल्यावर गाडीही तिथेच आणून लावली, कारण आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत तिला जागा नव्हती. माझी नोकरी एका संग्रहालयात, जुन्या पोथ्या आणि दफ्तरं सांभाळण्याची. मामानं आयुष्यभर लोखंड दुरुस्त केलं, मी कागद.

चहा घेताना सांगून टाकलं.

“तिसरा हिस्सा?” मामानं कप खाली ठेवला. “म्हणजे तुझ्या बाबांच्या गाडीचा तिसरा हिस्सा मी घालवला.”

“मामा, तसं कोणी म्हटलं नाही.”

“हिशेब तोच झाला ना पण.”

“हिशेब तसा नाही. पण खरं सांगू? तो माणूस चुकीचंही बोलला नाही. चालवायलाच हवी तर आज कुठलीही नवी गाडी बरी. जुन्या गाडीला पैसे मिळतात ते ती साक्षीदार आहे म्हणून. १९६८ साली कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात ओतकाम कसं होत होतं, घडाई कशी होत होती, नंबर कसल्या पंचानं ठोकत होते, हे सगळं मूळ इंजिनाच्या ब्लॉकच्या अंगावर होतं. तो ब्लॉक गेला की तेवढी साक्ष गेली.”

“साक्ष गेली असेल, गाडी चालतेय. आठवड्यातून एकदा मी गोवेलीपर्यंत नेऊन आणतो. एका सेल्फला उठते.”

“आमच्याकडे अशा पोथ्या येतात, मामा. मधलं पान फाटलं म्हणून कोणीतरी शंभर वर्षांनी ते नव्यानं लिहून घातलेलं असतं. अक्षर सुंदर, मजकूर बिनचूक. वाचणाऱ्याचं काही अडत नाही. पण नोंद करताना मला लिहावंच लागतं की हे पान नंतरच्या हातचं आहे.”

“आणि मग ती पोथी टाकून देता?”

“छे. जपूनच ठेवतो.”

“तिची किंमत तिसऱ्या हिश्शानं कमी लावता?”

“आम्ही किंमत लावत नाही.”

“मग तुला काय त्रास! किंमत लावणारे बाजारात असतात, आणि बाजारात उभी केलीस ती माझी गाडी.” तो ‘माझी’ म्हणाला. मला ते खटकलं नाही. बाबांनी ती चालवली, पण जिवंत मामानं ठेवली.

१९९४च्या त्या दिवशी मी गाडीत होते, तरी मामाच्या तोंडून ती हकिगत मी पुन्हा ऐकली. नाशिकला लग्न होतं. कसारा घाटात रेडिएटरचा होज फुटला. बाबांना काटा वर गेलेला दिसला नाही, आणि त्यांनी वळण संपेपर्यंत गाडी रेटली. थांबवली तेव्हा बॉनेटखालून वाफेचा लोट. गार झाल्यावर पाणी भरून कशीबशी कसाऱ्यापर्यंत आणली, तिथून टोचन करून कल्याणला.

“डिपस्टिक काढली,” मामा म्हणाला, “तर ऑइल दुधाच्या चहासारखं. तेव्हाच कळलं की पाणी आत शिरलंय. म्हटलं हेड गॅस्केट असेल. हेड सोडलं. हेड वाकलं होतं, ते प्लेन करून घेता आलं असतं. पण ब्लॉकला दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये केसाएवढी चीर. आधीच दोनदा बोअर झालेला ब्लॉक, भिंती पातळ. बिडाला वेल्डिंग करायचं म्हणजे एक चीर बुजवायची आणि शेजारी दुसरी पाडायची. निदान तेव्हा माझ्या ओळखीत तसं काम खात्रीनं करणारं कोणी नव्हतं. काय करायचं होतं मी?”

“दुसरं इंजिन. ते मला मान्य आहे.”

“कुठलं दुसरं, ते विचार की! अर्ध्या कल्याणनं मला सांगितलं, डिझेल टाक. पेट्रोल महाग, डिझेल स्वस्त. तेव्हा सगळे तेच करत होते. जीपातून पेट्रोल इंजिनं काढून डिझेल घातली. मोठ्या अमेरिकन गाड्या, त्यांचीसुद्धा तीच गत, मॅटाडोरचं इंजिन घालून चालवत. त्यासाठी माउंटिंग कापायचं, गिअरबॉक्स बदलायचा, बोगदा ठोकून मोठा करायचा. मी तुझ्या बाबांना म्हटलं, या गाडीला मी गॅस कटर लावणार नाही. आठ दिवस कुर्ल्याला सीएसटी रोडला फेऱ्या मारल्या आणि भंगारात निघालेल्या पद्मिनी टॅक्सीचं इंजिन आणलं. तेच एक हजार एकोणनव्वद सीसी. तोच अडुसष्टचा बोअर, तोच पंचाहत्तरचा स्ट्रोक. आपल्याच गिअरबॉक्सला बसलं. एक भोक नवीन पाडलं नाही मी. इंजिन पूर्ण उघडून बांधलं आणि मग घातलं. ते हिचं नाही म्हणतो तो माणूस! हिच्या सख्ख्या धाकट्या बहिणीचं आहे.”

हे ऐकताना पुण्याच्या गृहस्थांनी एका वाक्यात मिटवलेली गोष्ट मला नव्यानं दिसू लागली. ‘मूळचं इंजिन आहे की नाही’ या एका प्रश्नात किती वेगवेगळ्या गाड्या कोंबल्या जातात! कारखान्यात जे बसलं तेच आजही आत आहे, ही एक. त्याच जातीचं पण दुसऱ्या नंबरचं इंजिन आहे, ही दुसरी. भलत्याच कंपनीचं, भलत्याच इंधनाचं इंजिन घालण्यासाठी गाडीची हाडं कापली आहेत, ही तिसरी. दुसरीत काय गमावलं ते मोजता येतं. तिसरीत मूळ जागाच उरलेली नसते. उद्या खरं इंजिन मिळालं तरी ते टेकवायचं कुठे?

पण हे मी मामाला लगेच सांगितलं नाही. मला माझा मुद्दा सोडायचा नव्हता.

“जगभर ज्याला ‘मॅचिंग नंबर्स’ म्हणतात, ते आपल्याकडे वेगळ्याच अर्थानं वापरतात,” मी म्हटलं. “आपल्याकडे नंबर टॅली होतात म्हणजे आरसी बुकात जे लिहिलंय ते गाडीवर आहे. तुझं इंजिन टॅली होतं. तू तेव्हा आरटीओत कळवून बुकावर नवा नंबर चढवून घेतलास.”

“घेणारच. कायदाच आहे तसा.”

“हो, मोटार वाहन कायद्याचं बावन्नावं कलम. बदल केला की चौदा दिवसांत कळवायचं. पण संग्राहक विचारतो ते त्याच्या पलीकडचं. कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडताना आत कुठला नंबर होता? अमेरिकेत कॉर्व्हेटच्या ब्लॉकवर खुद्द गाडीच्याच नंबराचे आकडे ठोकलेले असत, म्हणजे ब्लॉक आणि बॉडी एकमेकांची ओळख सांगतात. आपल्या फियाटला इंजिन नंबर वेगळा, चेसिस नंबर वेगळा. दोघांचं नातं फक्त कागद सांगतो. आणि तिकडे नंबराला एवढा भाव का, माहीत आहे? एकच बॉडी, एकात साधं इंजिन, एकात मोठं. किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. साध्या गाडीत मोठं इंजिन टाकून लोक फसवायला लागले, म्हणून नंबर बघायची सवय लागली. इटलीत फेरारीवाले स्वतः मारानेल्लोला गाडी तपासून प्रमाणपत्र देतात, त्यात इंजिन पहिलं बघतात.”

“डिलाइटमध्ये कोण फसवणार? तिला एकच इंजिन होतं.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेच तर खरं होतं.

मामाच्या बोलण्याला धार चढली. “आणि ओरिजिनल म्हणजे काय गं? प्रीमियरची ११८ एनई आली पंच्याऐंशीला. बॉडी फियाटची, इंजिन निस्सानचं. काँटेसा बघ. बॉडी इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलची, आत आधी अ‍ॅम्बेसेडरचं इंजिन, मग इसुझूचं. आपल्या पद्मिनीतसुद्धा शेवटी शेवटी इटलीचं एफएनएमचं डिझेल घातलं, एकशे सदतीस डी. कंपनीनं परकं इंजिन घातलं की ते ओरिजिनल. आणि मी घरचंच घातलं तर गाडी बाटली?”

“कंपनीनं घातलं ते जन्माच्या वेळी, मामा. त्या गाड्या जन्मल्याच तशा. तू घातलंस तो उपचार.”

“उपचार केलेला माणूस खोटा असतो?”

“खोटा नसतो. पण विम्याच्या फॉर्मवर लिहावं लागतं.”

तो हसला, आणि मग गंभीर झाला. “देवळाचं सांगतो. जुना लाकडी सभामंडप मी डोळ्यांनी पाहिलाय. सहासष्टच्या सुमाराला सगळं नव्यानं बांधलं, मी एकोणीस-वीसचा असेन. त्याआधीचं देऊळ माधवराव पेशव्यांच्या वेळचं. दुष्काळात तळं उपसताना सरदार मेहेंदळ्यांना मूर्ती सापडली, असं आमचे आजोबा सांगायचे. दगड बदलले, लाकूड गेलं, सिमेंट आलं. उद्या पहाटे तीनपासून लोक रांगेत उभे राहतील, ते काय विचारतात, मंडप ओरिजिनल आहे का?”

“मूर्ती बदलली असती तर विचारलं असतं.”

“मग मला सांग, गाडीत मूर्ती कुठली? इंजिन?”

हा प्रश्न मी हसण्यावारी नेला नाही, कारण किमतीचा अख्खा वाद त्यावरच उभा आहे. कायद्याच्या लेखी गाडीची ओळख चेसिस नंबर. आणि या फियाटला ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही, पत्र्याची बॉडी हीच चेसिस. ती गंजून गेली तर गाडी गेली, मग आत इंजिन कितीही मूळचं असो. मिस्त्री लोकांना हे कधीपासून माहीत आहे. इंजिन खोलायचं, झिजवायचं, पुन्हा बांधायचं म्हणूनच केलेलं असतं. बोल्ट काढले की ते बाहेर येतं. खरेदीदार मात्र बॉनेट आधी उघडतो.

टिटवाळ्याला बसून अशा वादात शकुंतला आठवली नाही तर नवल. कण्वांचा आश्रम इथे होता आणि हा गणपती शकुंतलेनं पुजला, अशी इथली आख्यायिका. मी मामाला म्हटलं, “राजानं तरी काय केलं? समोर पत्नी उभी, आणि त्याला अंगठी हवी.”

“राजाची चूक होती ती.”

“त्याला शाप होता, त्याला आठवत नव्हतं. खरेदीदारालाही आठवत नाही, मामा. अडुसष्ट साली तो तिथे नव्हता. त्याच्या दारात रोज कोणीतरी गाडी आणून म्हणतो, हीच ती. त्यानं खूण मागितली तर त्याला कसा दोष द्यायचा?”

“आणि खूण हरवली तर बाईला ओळखायचंच नाही?”

इथे आम्ही दोघंही थांबलो. बाहेर कोणीतरी मोटारसायकलला पाना लावून काहीतरी बसवत होतं, त्याचा खडखडाट चालू होता.

मग मी सरकारी नियम काढला. मामाला तो माहीत नव्हता. जुलै २०२१मध्ये केंद्रानं व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी, खासगी वापराची, मूळ रूपात ठेवलेली. चेसिसमध्ये, बॉडीत किंवा इंजिनात बदल करून मोठी दुरुस्ती केलेली असता कामा नये. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, नोंदणी दहा वर्षांची, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं.

“म्हणजे माझ्यामुळे हिला तो नंबर मिळणार नाही.”

“मी तो नियम असा वाचते की बदल म्हणजे रूप बदलणं. तू त्याच जातीचं इंजिन घातलंस आणि कागदावर चढवलंस. डिझेल घातलं असतंस तर बोलायलाच जागा नव्हती. पण पुढचं ऐक. ती नोंदणी घेतली की गाडी रोज रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल, एवढ्यापुरतीच.”

“गोवेलीला नाही?”

“नाही.”

“अंगारकीनंतर देवळासमोर उभी करून नारळ फोडतो दरवर्षी, ते?”

“नाही.”

“मग ठेवा तुमचा तो नंबर,” मामा म्हणाला. ते रागानं नव्हतं. त्याच्यासाठी गाडीची किंमत म्हणजे ती उद्या सकाळी सुरू होणार ही खात्री. गृहस्थांचा हिशेब धरला तर मूळच्या चिरलेल्या इंजिनासकट कोपऱ्यात उभी राहिलेली डिलाइट बाजारात महाग ठरायला हवी, आणि तीस वर्षं चाललेली ही स्वस्त, हा न्याय त्याला पटणं शक्य नव्हतं. मलाही तो पूर्ण पटत नाही. मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २००३च्या ऑक्टोबरात झाली होती आणि वीस वर्षांची मुदत संपून ती २०२३च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. त्या काळ्या-पिवळ्या गाड्यांमध्ये आधी पेट्रोल, मग डिझेल, मग सीएनजी, काय काय येऊन गेलं. त्यांतली एखादी आज कोणी जपणार असेल तर ते सगळे बदल खरवडून तिला शोरूममधली पद्मिनी करणं म्हणजे तिचं आयुष्य पुसणं होईल.

माझ्याच बाजूच्या विरोधातली एक गोष्ट मग मीच त्याला सांगितली. बेंटलीची ‘ओल्ड नंबर वन’ नावाची रेसिंग गाडी. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं तिनं ल मांची शर्यत जिंकली. पुढे शर्यतींसाठी तिला पुन्हा पुन्हा बदललं. साडेसहा लिटरचं इंजिन जाऊन आठ लिटरचं आलं, १९३२ला ब्रुकलँड्सला तिचा जीवघेणा अपघात झाला, मग नवी बॉडी चढली. १९९०मध्ये तिचा एक कोटी पौंडांना सौदा ठरला आणि घेणाऱ्यानं माघार घेतली, म्हणाला ही ती गाडीच नाही, जिंकली तेव्हाचं हिच्यात उरलंय काय? प्रकरण लंडनच्या कोर्टात गेलं. न्यायमूर्ती ऑटन यांनी विकणाऱ्याच्या बाजूनं निकाल दिला. सुटे भाग बदलत गेले, पण गाडीचा धागा कुठे तुटला नाही; एकाच वेळी दोन गाड्या ‘मीच ती’ म्हणून उभ्या राहिल्या नाहीत. म्हणून हीच ती.

मामा बराच वेळ गप्प होता. “धागा तुटला नाही,” तो हळूच म्हणाला. “हे बरं आहे.”

“पण त्या गाडीचा प्रत्येक बदल कोणीतरी लिहून ठेवला होता, मामा. धागा दाखवता आला म्हणून टिकला.”

मला आणखी एक गोष्ट सांगायची होती, जी सकाळपासून घशात अडकली होती. गृहस्थ गेल्यावर तासाभरात एका मध्यस्थाचा फोन आला होता. जुन्या गाड्यांचे सौदे जमवून देणारा माणूस. म्हणाला, “ताई, इंजिनाचं टेन्शन घेऊ नका. जुना नंबर द्या. आत्ताचा घासून काढतो आणि जुना पंच करून देतो. पहिल्या बुकाशी टॅली. पुढच्या गिऱ्हाइकाला कळणारसुद्धा नाही.”

मामाचा चेहरा मी क्वचित असा पाहिला आहे. “तू काय सांगितलंस?”

“फोन ठेवला.”

“बरं केलंस.” तो उठून येरझारा घालू लागला. “चाळीस वर्षांत माझ्याकडे तीन माणसं आली असतील असलं काम घेऊन. चोरीच्या गाड्या. एकदा पंच मारला की त्या इंजिनाला कोणी बापच राहत नाही. टॅक्सीचं इंजिन असेल, पण ज्या टॅक्सीतून आलं तिचा नंबर आहे त्याच्यावर. कोणीतरी त्यावर घर चालवलंय. ते घासायचं?”

आमच्यातलं भांडण तिथे संपलं, असं मला वाटतं. गाडीची खरी किंमत कमी करतो तो हा पंच. परका नंबर उघड्यावर असेल तर खरेदीदार एक वेळ हिशेब करू शकतो: मूळचं परत आणायला काय खर्च येईल, आणला नाही तर काय गमावतो. पण एकदा नंबर घासल्याचा संशय आला की गाडीवरच्या कुठल्याच गोष्टीवर विश्वास उरत नाही. रंग, काचा, मीटरवरचे किलोमीटर, मालकाचा शब्द, सगळं त्या एका घासलेल्या जागेबरोबर जातं.

मामा आत गेला आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आला. रबर बँड कधीचे चिकटून तुटले होते. आत बाबांचं पहिलं आरसी बुक, कडा विरलेलं. सीएसटी रोडच्या दुकानाची पावती, तारीख आणि इंजिन नंबरासकट. हेड प्लेन केल्याचं बिल. क्रँक ग्राइंड केल्याचं बिल. मामाची एक डायरी, त्यात कुठल्या दिवशी कुठली रिंग, कुठली बेअरिंग, टॅपेट किती ठेवले, हे त्याच्या गोल, मोठ्या अक्षरात. मी आयुष्यभर दुसऱ्यांची दफ्तरं लावली आणि हे दफ्तर तीस वर्षं या घरात होतं.

“हे त्या माणसाला का नाही दाखवलंस?”

“तो आला तेव्हा मी नव्हतो. आणि त्यानं विचारलंही नसतं.”

“मामा, जुना ब्लॉक कुणाला विकलास?”

तो माझ्याकडे बघत राहिला. “विकला? तुझे बाबा म्हणाले, राहू दे. भंगारवाला तीनदा येऊन गेला. शेडच्या मागे आहे की, गोणपाटाखाली.”

जुन्या वाहनांच्या जागतिक संघटनेनं, फिव्हानं, २०१३मध्ये मंजूर केलेली ट्युरिनची सनद मी कामाच्या निमित्तानं वाचली होती. तिच्यात म्हटलंय की करावे लागणारे बदल शक्यतो उलटवता येतील असे करावेत आणि काढलेले महत्त्वाचे मूळ भाग गाडीबरोबर सांभाळावेत. मांड्याच्या या मिस्त्रीनं त्याच्या एकोणीस वर्षं आधी नेमकं तेच केलं होतं, आणि मी संध्याकाळभर त्याला मूळपणा शिकवत होते. मी त्याचा हात धरला. त्याला कारण कळलं नाही.

आज बिडाच्या चिरा न तापवता, पिना ठोकून शिवणारे कारागीर आहेत. ती चीर शिवली जाईल, भिंतींना स्लीव्ह बसतील, कदाचित. मग त्या गृहस्थांचा तिसरा हिस्सा तिसरा राहत नाही. तो दुरुस्तीचा खर्च होतो. आणि नाही शिवली गेली, तरी चालती गाडी, तिचा जुना ब्लॉक आणि हा डबा एकत्र जाणार असतील तर मी किंमत फारशी उतरवणार नाही. एखादी राजेरजवाड्यांची गाडी असती तर वेगळं बोलले असते. ही मध्यमवर्गाची गाडी. वर्षानुवर्षं नंबर लावून मिळायची आणि मग जन्मभर दुरुस्त होत राहायची. दुरुस्ती हाच तिच्या मूळपणाचा भाग आहे, हे मामाचं म्हणणं मी मान्य केलं. दुरुस्ती झाली तिथे ‘झाली’ असं लिहिलेलं हवं, हे माझं त्यानं.

काळोख पडत आला होता. मी बॅटरी धरली, मामानं गोणपाट ओढलं. ब्लॉक आडवा पडला होता, तांबूस, सिलिंडरच्या भोकांत कोळ्यांची जाळी. त्यानं रॉकेलमध्ये चिंधी भिजवून नंबराची जागा पुसली, मग पितळी ब्रश हळूहळू फिरवला. घासू नकोस, असं मी म्हणणार होते, गरज नव्हती. आकडे एकेक करून वर आले. मग त्यानं माझ्याकडून पेन्सिल घेतली, आडवी धरून आकड्यांवर फिरवली, वरून सेलोटेप चिकटवला, अंगठ्यानं दाबला आणि अलगद उचलून कोऱ्या कागदावर लावला. आरटीओसाठी त्यानं असे हजारो ठसे घेतले असतील.

मी पहिलं बुक उघडून एकेक आकडा वाचत गेले आणि तो ठशावर बोट सरकवत हुंकार देत गेला. शेवटच्या आकड्याशी बोट थांबलं. गंजानं तिथे खड्डा पाडला होता.

“तीन असेल नाहीतर आठ,” मामा म्हणाला.

“बुकात आठ आहे.”

“बुकात असेल. इथे काय दिसतंय?”

मी बॅटरी तिरकी धरून पाहिलं, पुन्हा पाहिलं. “तीन किंवा आठ.”

“मग तसंच लिही,” तो म्हणाला आणि चिंधी पिळून रॉकेलचा डबा बंद करायला लागला.